चारीच्या टोकाला उजेड

आमचं शेत चारीच्या शेवटी आहे. कुकडी कालव्याचं आवर्तन सुटलं की आधी वरच्यांचं भरणं होतं, मग मधल्यांचं, आणि उरलं तर आमचं. नियम खरा उलटा आहे, टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे पाणी द्यायचं. पण नियम कागदावर राहतो आणि पाणी वरच्यांच्या उसात. ‘टेल’ हा शब्द मी शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच शिकले. अण्णा पाणी-मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचे, पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी वेळ सांगायचा, आणि ती वेळ बहुतेकदा रात्री दोनची असायची. थोरली म्हणून मी बॅटरी घेऊन त्यांच्यासोबत दारं धरायला जायची.

दोन वाजायचे आणि चारीत नुसता ओलावा असायचा. वर कुणीतरी पाणी फोडलेलं असायचं. अण्णा कुणाच्या नावाने ओरडत नसत. खांद्यावर फावडं टाकून चारीच्या काठाने वर चालू लागत. प्रत्येक बाऱ्याशी थांबायचं, बॅटरी मारायची, मातीचा बांध हाताने चाचपायचा, पुढे जायचं. कधी अर्ध्या कोसावर सापडायचं, कधी एखाद्या खेकड्याने पोखरलेल्या भोकातून पाणी ओढ्याला जात असायचं आणि दोष कुणाचाच नसायचा. तिथे चार फावडी माती, आणि मग पाण्याच्या पुढे पुढे धावत आपल्या वाफ्यापर्यंत.

आमच्या बांधावरून पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक डिश दिसते. ४५ मीटर व्यासाची, पण तारांच्या जाळीची, त्यामुळे उन्हात ती निम्मी आभाळात विरघळल्यासारखी वाटते. अशा ३० डिश आहेत. १४ खोडदजवळ एकवटलेल्या, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. एकटी डिश आकाशाचं ढोबळ चित्र देते. तिसांनी एकाच क्षणी टिपलेल्या रेडिओ लहरी एका खोलीत आणून एकमेकींशी ताडल्या, तर पंचवीस किलोमीटर रुंदीच्या डोळ्याने पाहिल्यासारखं बारीक दिसतं. लहरी त्या खोलीपर्यंत आणायच्या कशा, हाच खरा प्रश्न.

नव्वदच्या आसपास, मी नुकती माध्यमिकला गेले असेन, रस्त्याच्या कडेने चर खणणारी माणसं आली. चर पाहून अण्णांना वाटलं पाइपलाइन. त्यातल्या एका माणसाने कापलेल्या केबलचं टोक दाखवलं. आतून केसाएवढी काच निघाली.

“ह्यातनं काय जानार?” अण्णांनी विचारलं.

“उजेड. त्या डिशीत आलेलं समदं ह्यातनं खोडदला.”

अण्णांनी तो तंतू बोटावर धरून वाकवून पाहिला. “आन् पाळी कुनाची?”

“पाळी कसली? ज्या त्या डिशीची तार न्यारी.”

“ज्याची त्याला,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळण्याच्या कामाला लागले. आज वीसहून अधिक वर्षं झाली. जगभरच्या विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी प्रकाशाच्या तंतूंवर आपापली जाळी कशी उभी केली, हे या वर्षांत वाचलं, काही डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. प्रत्येक टप्प्यावर मला अण्णांचा तो प्रश्न ऐकू आला आहे. पाळी कुणाची?

आधी त्या काचेबद्दल थोडं, कारण तिच्याबद्दल मला अजूनही नवल वाटतं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवलं. त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केलं तेही कपानींनीच. पण ते अंतर हातभराचं होतं. गावापासून गावापर्यंत काचेतून उजेड न्यायचा म्हटलं तर तो वाटेतच विझायचा. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या भेसळीचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरभर चालल्यावर शंभरातला एक भाग उजेड जरी उरला, तरी टेलिफोन चालवता येईल. त्या काळच्या काचेपुढे ही अपेक्षाच अचाट होती. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी, मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी, ती पूर्ण केली. आज आपण वापरतो त्या तंतूत शंभरातला एक भाग उरायला सुमारे शंभर किलोमीटर जावं लागतं. काओंना २००९ साली नोबेल मिळालं, तेव्हा विस्मरणाच्या आजाराने त्यांना घेरलं होतं. ज्या माणसाने जगाच्या आठवणी इकडून तिकडे नेण्याची वाट काढली, त्याच्या स्वतःच्या आठवणी पुसल्या जाव्यात, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरी किमया १९८७ सालची. तोवर वाटेत ठिकठिकाणी थकलेल्या उजेडाचं विजेत रूपांतर करायचं, ती सावरायची, पुन्हा तिचा उजेड करायचा, असा खटाटोप होता. साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतूच्या काचेतच एर्बियम नावाच्या धातूचा अंश मिसळला आणि बाहेरून लेसरची ताकद दिली. वाहता उजेड वाहतावाहताच बळकट झाला. जवळपास त्याच वेळी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्येही हे काम चाललं होतं. या वर्धकाचा मोठा गुण हा, की तो एका रंगाचा नाही, जवळजवळच्या अनेक रंगांचा उजेड एकाच वेळी वाढवतो. मग एका तंतूत एकच रंग कशाला सोडायचा? नव्वदच्या दशकात एका तंतूत आठ, सोळा, चाळीस, ऐंशी रंग शेजारी शेजारी वाहू लागले, एकमेकांत न मिसळता. रंग म्हणते खरी, पण हा सगळा अवरक्त उजेड, डोळ्यांना न दिसणारा. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. दिसणार काहीच नाही आणि डोळा जाईल. प्रत्येक रंगाची तरंगलांबी ग्रीक लॅम्डा या अक्षराने लिहितात, त्यामुळे आमच्या धंद्यात रंगाला सरळ ‘लॅम्डा’ म्हणतात.

आता चारीकडे वळते. अमेरिकेतली महासंगणक केंद्रं विद्यापीठांना जोडण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८६ साली एनएसएफनेट सुरू केलं. वेग सेकंदाला ५६ किलोबिट. १९८८ साली दीड मेगाबिट, मग तीन-चार वर्षांत ४५ मेगाबिट. आजचं इंटरनेट ज्या कण्यावर वाढलं तो हा कणा, आणि तो शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी घातलेला होता. ३० एप्रिल १९९५ रोजी तो बंद झाला. व्यापारी कंपन्यांच्या वाहिन्या तयार झाल्या होत्या, सरकारने बाजूला व्हायचं ठरवलं. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यातूनच इंटरनेट घराघरांत गेलं. पण ज्यांनी चारी खणली तेच आता सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. दिवसभर बातम्या, चित्रं, खरेदी-विक्री वाहणाऱ्या पाटात कुणा भूकंपशास्त्रज्ञाची प्रचंड नोंदवही अडकून पडू लागली. ३४ विद्यापीठांनी १९९६ साली एकत्र येऊन इंटरनेट-टू हे संशोधनासाठीचं वेगळं जाळं सुरू केलं ते यामुळेच.

हे अडकणं नेमकं काय असतं, ते समजून घेण्यासारखं आहे. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि पाठवणारं यंत्र टीसीपी नावाच्या शिस्तीने चालतं. एक पाकीट हरवलं की ते समजतं, पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग एकदम निम्मा करतं. मग हळूहळू वाढवत नेतं. शेजारच्या इमारतीशी बोलताना हे कळतही नाही. पण समुद्रापलीकडे जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, आणि दहा गिगाबिटचा वेग टिकवायचा असेल, तर पाचशे कोटी पाकिटांत एखादंच हरवलेलं चालतं. म्हणजे एक तास चाळीस मिनिटांत एकदा. सार्वजनिक रस्त्यावर हे कसं जमणार? पाईप कितीही रुंद करा, कुणाच्या तरी गर्दीने एक पाकीट पडतं आणि लांबच्या माणसाचा वेग कोसळतो. जवळच्याला काही होत नाही, लांबच्याला होतं. हे गणित पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा मला आमची चारीच दिसली. हेडच्या शेतकऱ्याला एक भोक म्हणजे काहीच नाही. टेलच्याचा वाफा सुकतो.

उत्तर कॅनडातून आलं असं मी मानते. तिथलं संशोधन-जाळं सांभाळणाऱ्या कॅनारी या संस्थेने १९९८ साली सीए*नेट ३ उभारलं, थेट प्रकाशाच्या रंगांवर चालणारं देशव्यापी इंटरनेट. तिथले बिल सेंट आर्नो वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत राहिले: सेवा विकत घेऊ नका, तंतू विकत घ्या. एका खणाईचा खर्च अनेकांनी मिळून उचलायचा आणि केबलमधले तंतू आपापल्या नावावर करून घ्यायचे. क्वेबेकमधल्या शाळांच्या मंडळांनी हे करून दाखवलं. आपल्याकडची सामाईक विहीर आठवा. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, मोटर एक, आणि पाळीवरून भांडणं. क्वेबेकातही खड्डा सामाईकच होता, पण आत प्रत्येकाचा झरा वेगळा. पाळीचा प्रश्नच मिटला. २००२ साली सीए*नेट ४ आलं, तेव्हा कल्पना आणखी पुढे गेली. संशोधकाने स्वतः एक अख्खा रंग मागून घ्यायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काम झालं की सोडून द्यायचा. वाटेत दुसऱ्या कुणाचं एक पाकीटही नाही. या वाटेला ‘लाइटपाथ’ म्हणू लागले.

काळही अनुकूल होता. शतक पालटताना दूरसंचार कंपन्यांनी बाजाराच्या भरवशावर अफाट फायबर पुरून ठेवलं आणि मग बाजार कोसळला. हजारो मैल तंतू जमिनीखाली काळोखात पडून राहिले. आम्ही त्याला डार्क फायबर म्हणतो, उजेड न पेटवलेली काच. कंपन्यांना पैसा हवा होता, विद्यापीठांना तंतू. अमेरिकेत २००३ साली नॅशनल लॅम्डारेल नावाचं जाळं निघालं, युरोपात जीआँ या संशोधन-जाळ्याने दुसऱ्या पिढीत डार्क फायबरचा मार्ग धरला, नेदरलंड्समध्ये कीस नेगर्स यांच्या सर्फनेट या संस्थेने देशभराचं संशोधन-जाळं तंतूंवर नव्याने बांधलं. शिकागोतलं स्टारलाइट आणि ॲमस्टरडॅममधलं नेदरलाइट ही अशा वाटा एकमेकींत सांधायची ठिकाणं झाली, आमच्याकडे दोन चाऱ्या मिळतात तिथे वाटप-पेटी असते तशी. २००३ साली आइसलंडमध्ये रेक्याविकला या मंडळींची बैठक झाली आणि त्यांनी आपल्या सहकाराला ग्लिफ असं नाव दिलं. हे सगळं परस्परांच्या शब्दावर चालायचं. माझा अटलांटिकवरचा रंग तुम्ही वापरा, तुमचा पॅसिफिकवरचा मला द्या. शेतकऱ्यांमध्ये इर्जिक असते ना, आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या, तसं. मला या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

आणि मग २००५ सालचा जानेवारी.

१४ तारखेला युरोपचं हायगन्स नावाचं यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. पॅराशूटने खाली यायला त्याला जवळजवळ अडीच तास लागले. ते दोन वाहिन्यांवरून आपली माहिती वरून जाणाऱ्या कॅसिनी यानाकडे पाठवत होतं, आणि कॅसिनी ती पृथ्वीकडे पाठवणार होतं. पण कॅसिनीवरचा एका वाहिनीचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली होती. ती वाहिनी पूर्ण गेली. शेकडो छायाचित्रं गेली, आणि टायटनवरचे वारे मोजण्याचा सगळा प्रयोग त्याच वाहिनीवर होता. काही शास्त्रज्ञांनी त्या प्रयोगाला आयुष्याची किती वर्षं दिली असतील याचा विचार केला की पोटात कालवतं.

पण पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणी हायगन्सचा क्षीण आवाज थेट ऐकत होत्या, सुमारे १२० कोटी किलोमीटरवरून. अमेरिकेतली ग्रीन बँक, ऑस्ट्रेलियातली पार्क्स, आणि आणखी कित्येक. त्या नोंदी एकमेकींशी ताडल्या तर यान वाऱ्याने कसं भरकटत खाली आलं ते काढता येणार होतं. खोडदला तीस डिशांचं जे होतं, तेच इथे खंडाखंडांवरच्या डिशांचं. ताडण्याचं काम नेदरलंड्समधल्या ड्विंगेलो गावी जाइव्ह या केंद्रात चालायचं. एरवी नोंदींच्या डिस्क खोक्यांत भरून विमानाने जायच्या आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी पोचायच्या. या वेळी ऑस्ट्रेलियातल्या डिस्क एका छोट्या विमानाने सिडनीपर्यंत आणल्या, आणि तिथून ड्विंगेलोपर्यंत त्यांच्यासाठी एक गिगाबिटची वाट मोकळी करून दिली गेली. ऑस्ट्रेलियाच्या आरनेट या संशोधन-जाळ्याने, कॅनडाच्या कॅनारीने आणि डच सर्फनेटने आपापले तुकडे जोडून दिले. पॅसिफिक ओलांडायचा, कॅनडा आडवा कापायचा, अटलांटिक ओलांडायचा, आणि वाटेवर दुसरं कुणी नाही. टायटनचे वारे मोजले गेले.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये होते. आमच्याकडे दोन मेगाबिटची लीज लाइन होती आणि तिच्यावर सगळं कॉलेज. जीवशास्त्र विभागातली एक पीएचडी करणारी मुलगी परदेशातल्या एका केंद्रातून जनुकांच्या नोंदी उतरवून घ्यायचा प्रयत्न करत होती, ४० गिगाबाइटच्या. दिवसा लाइन तुंबलेली. मग मी रात्री अकरानंतर वसतिगृहाचं इंटरनेट बंद करून तिला वाट मोकळी करून द्यायची. मुलं तक्रार घेऊन यायची आणि मी वेळापत्रक दाखवायची. मी पाटकरी झाले होते. एकदा तिने कंटाळून हार्ड डिस्क कुरियरने मागवली. ती आली ती आपटून मेलेली. ती मुलगी माझ्या टेबलाशी बसून रडली, आणि मला काही बोलता आलं नाही.

त्या रात्री पार्क्सबद्दल वाचताना मला आपली एक जुनी गोष्ट आठवली. जीएमआरटी ज्यांनी घडवली ते गोविंद स्वरूप १९५०च्या दशकात सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे काम करत होते. तिथल्या सहा फुटी डिश निकामी ठरवल्या जात होत्या. त्या त्यांच्या प्रयत्नाने भारताला भेट मिळाल्या, आणि अशा ३२ डिशांची दुर्बीण १९६५ साली आपल्या कल्याणला सूर्याकडे पाहू लागली. ऑस्ट्रेलियातून त्या डिश समुद्रमार्गे इथवर आल्या होत्या. म्हणजे देवाणघेवाण तेव्हाही होतीच. वाट मात्र बोटीची होती.

आपल्या देशाच्या वाटेची सुरुवातही मुंबईतून झाली, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं जाळं सुरू केलं. आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी, दिल्लीत खुद्द विभाग, आणि जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअरचं संशोधन केंद्र. जुहूहून अमेरिकेला जी पहिली लाइन गेली तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. त्या मुलीच्या ४० गिगाबाइटना त्या लाइनीवर वर्ष आणि वर तीन आठवडे लागले असते. तरी त्या वेगावर एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या संशोधकांना ईमेल दिलं, सामान्यांसाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला येण्याच्या कितीतरी आधी. मग पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने गरुड नावाने देशातली संगणन केंद्रं जोडायचा प्रयत्न केला. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला, म्हणजे एनकेएनला, ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. त्यामागे राष्ट्रीय ज्ञान आयोगाची शिफारस होती आणि अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम यांचा सततचा रेटा होता. कणा अनेक दहा-दहा गिगाबिटचा, आणि संस्थेच्या दाराशी एक गिगाबिट. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचं संगणन केंद्र आहे. जिनिव्हाच्या बोगद्यातल्या कणांच्या टकरींच्या नोंदी तिथे येतात आणि आपली मुलं त्यावर काम करतात. अशा वाटा नसत्या तर त्यांना तिकडेच जाऊन राहावं लागलं असतं.

आमच्याकडे एनकेएनची लाइन आली तो दिवस मला तासातासाने आठवतो. पावसाळा संपत आला होता. दोघं तंत्रज्ञ व्हरांड्यात पाय पसरून बसले होते, मधे स्प्लाइसिंगचं मशीन. तंतूची दोन टोकं सोलायची, पुसायची, समोरासमोर आणायची, विजेची एक ठिणगी, आणि काच काचेत वितळून एक. मग पॉवर मीटर लावला. “मॅडम, लाइट आली,” एक जण म्हणाला. डोळ्यांना दिसलं काहीच नाही, मीटरवर आकडा उमटला.

मी मुद्दाम तेच ४० गिगाबाइट मागवले. कागदावरचा हिशोब सोपा होता. दोन मेगाबिटवर अखंड चाललं तर ४४ तास, एक गिगाबिटवर साडेपाच मिनिटांच्या आत. जीवशास्त्र विभागात बसून मी घड्याळ लावलं. साडेपाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. ५३ मिनिटं लागली.

सगळे आनंदात होते. ४४ तासांचं काम तासाच्या आत झालं होतं. पण मला चैन पडेना. दाराशी एक गिगाबिट आहे आणि वाफ्यात त्याचा दहावा हिस्सा पोचतोय. दुसऱ्या दिवशी मी गेटपासून चालायला सुरुवात केली. गेटवरचं जंक्शन, मुख्य इमारतीतला राउटर, तिथून ग्रंथालय, मागचा जिना, प्रत्येक ठिकाणी लॅपटॉप लावून मोजायचं आणि पुढे जायचं. तिसऱ्या मजल्यावर एका लाकडी कपाटात, परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे, नेटवर्कचा एक स्विच सापडला. शंभर मेगाबिटचा, धुळीने माखलेला, दहा वर्षं इमानाने दिवा लुकलुकवत बसलेला. जिनिव्हा, ॲमस्टरडॅम, मुंबई करत आलेला उजेड त्या कपाटात अडत होता. दोष कुणाचाच नव्हता.

स्विच बदलायला मंजुरी मिळेपर्यंत सात महिने गेले. यात मी कुणाला बोल लावत नाही, पण दुःख सांगते. आपल्याकडे मोठ्या कालव्याला पैसा मिळतो, उद्घाटन होतं. शेवटच्या दोनशे मीटरला कुणी वाली नसतो. कितीतरी कॉलेजांत मी गेले आहे, जिथे दाराशी गिगाबिट आहे आणि प्रयोगशाळेतलं पोरगं मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसलेलं आहे. अमेरिकेतल्या ईएसनेट या संशोधन-जाळ्यातल्या अभियंत्यांनाही हीच अडचण दिसली होती. त्यांनी संशोधनाच्या माहितीला आवारातल्या गर्दीपासून आणि फायरवॉलच्या तपासणीपासून बाजूला काढून वेगळी वाट देण्याची रचना मांडली. सायन्स डीएमझेड म्हणतात तिला. जोडीला परफसोनार नावाचं साधन आहे, जे वाटेतल्या टप्प्याटप्प्यावर दिवसरात्र मोजत राहतं आणि कुठे गळतंय ते सांगतं. मी ते दोन्ही आमच्याकडे लहान प्रमाणात बसवलं. कुणी विचारलं की हे परफसोनार काय करतं, तर मी सांगते, रात्री बॅटरी घेऊन चारीच्या काठाने चालतं.

ती मुलगी आता परदेशात प्राध्यापक आहे. तिच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आमच्याकडे येतात, आमच्या तिच्याकडे जातात. ती हल्ली मेलमध्ये वेगाबद्दल काही लिहीत नाही. ते मला फार बरं वाटतं.

मधल्या काळात खोडदची दुर्बीणही नवी झाली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता यायचा, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. डिशांकडून येणारी माहिती इतकी वाढली, की तिथल्या अभियंत्यांनी तंतूंत आणखी रंग सोडले. जुनं काम न थांबवता, शेजारच्या तरंगलांबीवर नवीन वाहू लागलं. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते ओसरीवर हरभरा निवडत होते.

“म्हंजे पुन्हा चर खनला न्हाई?”

“नाही अण्णा. काचेतच जागा होती.”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. “काचंत जागा,” ते म्हणाले, आणि पुन्हा निवडायला लागले.

मागच्या उन्हाळ्यात मी गावी असतानाच आवर्तन सुटलं. धाकट्या भावाने निम्म्या रानाला ठिबक केलंय, पण चारीचं पाणी अजून लागतंच. पाळी रात्री दोनची. अण्णांना आता चालवत नाही, तरी ते खुर्ची टाकून बांधावर बसले. आम्ही दोघं चारीच्या काठावर. पलीकडे डिश हळूहळू कलत होती, रात्रीच्या आभाळात तिचा नुसता काळा घेर. दोन वाजले, सव्वादोन झाले. भावाने फावडं उचललं आणि मी बॅटरी. निघणार तेवढ्यात वरून आवाज आला, वाळक्या पाल्याचा. पाणी टेलला पोचतं तेव्हा आधी पाणी दिसत नाही, त्याच्यापुढे ढकलत आलेला पाचोळा दिसतो.

“आलं का?” अण्णांनी बांधावरून विचारलं.

मी चारीत बॅटरी मारली. “येतंय,” म्हटलं, आणि पहिलं दार मोडायला खाली उतरले.